पिकलेले बोल्ट

एका जंगलात एक होडी बुडाली, आणि चूक दाजीबा अस्वलाची होती. मुलांनो, नाव आधीच सांगून टाकलं. मोठी माणसं दोषी कोण ते शेवटपर्यंत लपवतात, आणि शेवट आला की जेवायला उठतात. आपण तसं नको करूया.

जंगलाच्या कडेला खारी खाडी होती. खाडीत मगर होती, म्हणून पलीकडे जायला होडी होती. होडी पाण्यात सोडायला दोन चाकांचा ट्रेलर होता. रेडे तो उतारावरून पाण्यात ढकलत आणि होडी तरंगली की बाहेर ओढत. होडी, ट्रेलर, धक्का, सगळ्यांचा कारभारी दाजीबा.

खारं पाणी लोखंड खातं, हे जंगलातल्या शेंबड्या पिल्लालाही ठाऊक होतं. दाजीबालाही होतं. पण एका वर्षी त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले, आणि एका तरण्या कोल्ह्याने भर सभेत विचारलं, "दाजीबा, आता खुर्ची सोडता का?"

त्या दिवशी दाजीबाला मध गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने नियम काढला. या जंगलात जुनं ते वरचं. प्राण्यांतही आणि बोल्टांतही.

झालं! तेव्हापासून बोल्ट गंजला म्हणायचं नाही, बोल्ट पिकला म्हणायचं. नव्या बोल्टाने आधी ट्रेलरवर उमेदवारी करायची. खारं पाणी पिऊन जरा पिकला की बढती, म्हणजे होडीत जागा. पुरता पिकून आटे झडले की थेट होडीच्या तळाला, मानाच्या ठिकाणी. बढतीच्या दिवशी बोल्टाला शाल आणि नारळ. शाल बोल्टाच्या मापाची. नारळ मात्र नारळाएवढाच, कारण तो ज्येष्ठ मंडळ खाई.

जंगलात झुंबर नावाची पाणमांजर होती. नटबोल्टांचं काम तिचं, आणि तोंड फाटकं. तिने बाजारातून स्टेनलेसचे बोल्ट आणले होते, खास खाऱ्या पाण्यासाठी घडवलेले. नियमाप्रमाणे ते ट्रेलरवर लागले. पावसाळे गेले, उन्हाळे गेले. ते पिकेचनात.

ज्येष्ठ मंडळाचा म्होरक्या तात्या तरस. तो एकदा बोल्टांना नाक लावून तपासायला आला.

"इतकी वर्षं पाण्यात, आणि अंगावर डाग नाही? कामचुकार लेकाचे!"

"डाग पडत नाही म्हणूनच आणलेत, तात्या," झुंबर म्हणाली.

"अनुभव अंगावर दिसला पाहिजे, पोरी. आमच्याकडे बघ."

"बघतेय ना. तुमचेही आटे गेलेत."

बोल्ट उद्धट ठरले. त्यांना काढून डब्यात टाकलं. झुंबरलाही टाकलं असतं, पण तेवढा मोठा डबा नव्हता.

मग एके दिवशी पलीकडच्या काठावरून बगळा निरोप घेऊन आला. दाजीबाची लेक मोहना तिकडे दिली होती. तिला मुलगी झाली होती.

"पौर्णिमेला बारसं आहे," बगळा म्हणाला. "आत्या पोरीच्या कानात कुर्र करायला टपून बसलीय. पण ताई म्हणते, आजोबांनी मांडीवर घेतल्याशिवाय नाव ठेवायचं नाही."

दाजीबा नाचला. अस्वल नाचलं की फांद्यांवरचे पक्षी पडतात. तेही पडले. मग त्याने सागाच्या फळ्या आणून नातीसाठी पाळणा केला, आणि करवंदीच्या जाळीमागून लपतछपत झुंबरकडे गेला.

"त्या डब्यातले बोल्ट दे जरा."

"कुठले? कामचुकार?"

"हळू बोल गं. पोरीचा पाळणा आहे. धोका कशाला?"

"आणि होडीला?"

"होडीला आहेत की. चांगले पिकलेत."

झुंबरने पाना खाली ठेवला. "काका, पाळणा होडीत बसणार. तुम्ही होडीत बसणार. आणि होडी तळाशी बसणार. सभेत एकदा 'गंज' म्हणा. एकच शब्द. दुपारच्या आत सगळे बदलून देते."

दाजीबाने पंजा चाटला. नातीचा विचार केला. मग खुर्चीचा केला. गंज म्हटलं की नियम गेला, आणि नियम गेला की तो कोल्हा आलाच.

"बघू," दाजीबा म्हणाला, आणि पाळण्याचे बोल्ट घेऊन गेला. मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात.

पौर्णिमेच्या सकाळी सगळं ज्येष्ठ मंडळ धक्क्यावर जमलं. दाजीबा पाळणा घेऊन होडीत चढला. झुंबर वल्ही घेऊन बसलीच होती.

"तू कशी काय येतेस?" दाजीबाने विचारलं.

"मला पोहता येतं." मग ती हळूच म्हणाली, "काका, अजून वेळ आहे."

दाजीबाने तोंड उघडलं. "गं..." तो म्हणाला. तात्या तरसाने कान टवकारले. "गं... गं... गणपती बाप्पा!"

"मोरया!" मंडळ गरजलं.

रेड्यांनी ट्रेलर उतारावर घेतला. अर्ध्या वाटेवर त्याचं चाक निखळलं, ट्रेलर बसला आणि होडी घसरत आपोआप पाण्यात गेली.

"पाहिलंत?" तात्या ओरडला. "ट्रेलरचे बोल्ट अजून पुरते पिकलेही नाहीत, पण कधी सोडायचं ते कळतं!" धक्क्यावर टाळ्या पडल्या.

मानाच्या बोल्टांनी खाडीच्या मधोमध सोडलं. एक फळी गेली. शेजारची तिच्यामागे गेली. समोरच्या काठावर मोहना उभी होती आणि तिच्या कडेवर काहीतरी काळं, मऊ, गुंडाळलेलं होतं. दाजीबाने नीट बघायला मान वर केली, तोवर होडी संपली.

मगर ज्येष्ठ मंडळाची सभासद होती. ती धक्क्यावर टाळ्या वाजवत होती, म्हणून दाजीबा वाचला. तो पाळण्यात पडला. पाळणा करकरला, पण एकही सांधा उघडला नाही. भरतीने त्याला झोके देत देत अलीकडच्याच काठाला आणलं. झुंबर मागून ढकलत होती आणि शिव्या घालत होती.

लगेच सभा भरली. बुडालेल्या बोल्टांना श्रद्धांजली वाहिली. मग नव्या होडीचा विषय निघाला, आणि पाळण्याचे बोल्ट काढून सभेपुढे ठेवले.

"हे तर अगदी कच्चे," तात्या म्हणाला. "आधी पिकू द्या, मग होडी. कारभारी, तुमचं मत काय?"

"आता तरी बोला, काका," झुंबर म्हणाली. "ती पोर वाट बघतेय."

दाजीबाने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"पिकू द्या," तो म्हणाला.

ते स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्याच्या हौदात ठेवलेत. पिकले की होडी बांधायची आहे. दाजीबा रोज सकाळी हौदात डोकावतो. ते चकचकतात.

मोहनाने बरीच वाट पाहिली. मग आजोबांविनाच बारसं उरकलं, आणि नाव अलीकडच्या काठावर कळवायचं नाही अशी बगळ्याला ताकीद दिली. दाजीबाची खुर्ची टिकली. नातीचं नाव त्याला ठाऊक नाही.

तात्पर्य: मुलांनो, टिकाऊ होऊ नका, मोठ्यांना तो अपमान वाटतो. लवकर गंजा, म्हणजे तुमच्या भरवशावर लोक आनंदाने बुडतील.