करंजाखालचा तांबडा ठिपका

मुलांनो, रविवारी तुम्ही फोनवर आपल्या येलहंका वस्तीचा नकाशा उघडून विचारलंत, "आजी, तळ्याकाठच्या बाकावर तांबडा ठिपका का?" घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते.

नकाशा शेजारच्या श्रीपादअण्णांच्या विद्यार्थ्यांचा. अण्णा विद्यापीठात पर्यटन-नियोजन शिकवतात, आणि विचारल्याशिवाय काही करत नाहीत. रिक्षात पाय ठेवण्याआधी "येऊ का?" स्वतःच्या झाडाची पपई काढतानाही झाडाला, "घेऊ का?" एकदा तर कॉफी निवेपर्यंत आमच्या दारातच उभे. उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं, आणि त्याचं उत्तर यायचं होतं.

शिकवणंही तसंच. पाहुण्यांना कुठून फिरवायचं, हे गल्लीनं ठरवायचं. पोरं फोन घेऊन दारोदार आली. दाखवण्याजोग्या जागी हिरवा ठिपका, पाहुणे नकोत तिथं तांबडा. नाव द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. फुलवाल्या मंगम्मानं आपल्या दुकानावर इतके हिरवे ठिपके दिले की दुकान दिसेना. मी कपडे वाळत घालायच्या गच्चीवर तांबडा दिला.

मग करंजाखालच्या बाकावर तांबडा उमटला. पाहुण्यांना फिरवायचा सगळा मार्ग तिथंच संपत होता. पुरतं तळं तिथूनच दिसतं. आमच्या व्हरांड्यात पोरांची बैठक बसली. काव्या नावाची विद्यार्थिनी चिडली होती.

"सर, एका ठिपक्यासाठी मार्ग मोडायचा? पुसून टाकू?"

"नियम तुम्हीच केलात. तुम्हीच ठरवा," अण्णा म्हणाले आणि रिकाम्या पेल्यातली कॉफी पीत राहिले.

"उद्या ठरवू," काव्या फणकारली.

संध्याकाळी तळ्यावर गेले, तर अण्णा त्याच बाकाच्या एका टोकाला. माझे गुडघे दुखत होते. दुसऱ्या टोकाला टेकणार, तोच ते म्हणाले, "अक्का, तिथं नको."

इतक्या वर्षांत त्यांनी न विचारता मला सांगितलेलं हे एवढंच. लगेच खजील झाले. "इंदू बसायची तिथं." इंदू, त्यांची गेलेली बायको.

मी थक्क झाले. सर तेच होते, त्यांना एका शब्दात बाक वगळता आला असता. त्यांनी मात्र गल्लीतल्या कुणाहीसारखा एक बिननावाचा ठिपका दिला होता.

"काव्याला सांगते," मी म्हटलं.

"नको अक्का. कळल्यावर सोडलं तर दया झाली. न कळता सोडलं, तर शिकली म्हणायची."

ती रात्र त्यांनी कशी काढली असेल, देव जाणे. सकाळी काव्या आली, तीही कुरकुरतच. "आजी, मार्ग थोडा वळवला. असेल कुणाचं तरी काही."

पाहुणे आता बांधावरून वळतात. करंज आहे, बाक आहे, आणि त्याचं दुसरं टोक अजून रिकामं आहे.