खणखणीत कोळसा

"या रविवारी मासे मी भाजणार! कोळसाही मीच निवडणार! कुणी मधे लुडबुड करायची नाही!"

दातांच्या डॉक्टरांनी हे जाहीर केलं तेव्हा बायकोच्या कानाला फोन होता आणि फोनवर तिची आई. त्यामुळे घोषणा एका दमात दोन घरांत पोचली. माघार घ्यायची सोयच उरली नाही.

कारणही तसंच होतं. सासूबाई टायफॉइडमधून उठून दोन महिने झाले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन चमचे सूप घेतलं की वाटी बाजूला. दोघी लेकी रडकुंडीला आल्या होत्या. अशात त्या फोनवर सहज बोलून गेल्या, "निखाऱ्यावर भाजलेला मासा मिळाला, तर खाईन म्हणते."

थोरल्या जावयाने, म्हणजे डॉक्टरांच्या साडूने, लगेच आपली गॅसची शेगडी देऊ केली. "बटण दाबलं की काम फत्ते!"

"बटणानं दिवे लावतात!" डॉक्टर कडाडले. "आईंना निखारा हवाय, निखारा!"

दुसऱ्याच दिवशी ते कोळसेवाल्याकडे हजर. दुकानदार हौशी होता. "हा साधा लाकडी कोळसा. झटकन पेटतो, झटकन विझतो. या भुकटी दाबून केलेल्या वड्या, एकसारख्या जळतात. या भुशाच्या पोकळ नळ्या, ही जपानी तऱ्हा. हा त्यांच्याकडचाच काळा कोळसा. आणि हा..." मुलगी दाखवायला आणावी तसा त्याने आतून एक खोका आणला. "हा बिन्चोतान! पांढरा कोळसा!"

"पांढरा? काळाच तर आहे!"

"वर पांढरट राख आहे बघा, डॉक्टर. ओकच्या लाकडाचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा."

ठण्ण!

डॉक्टरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांनी खिशातून दात तपासायची सळई काढली आणि एकेक तुकडा ठोकायला घेतला. ठण्ण! "हा निरोगी." ठप्प! "हा आतून किडलाय, काढा बाहेर!"

"पेटायला पाऊण तास लागतो," दुकानदार सांगत होता. "खाली साधा कोळसा घाला. आणि पाण्यापासून जपा, ओला राहिला तर फुटतो."

"अहो, कोळशाला पाणी कोण लावेल!" डॉक्टर हसले आणि खोका काखोटीला मारून निघाले.

रविवारी अकराला सगळे जमले. सासूबाईंना अंगणात खुर्ची दिली, पायांवर शाल टाकली. साडूंच्या गाडीत मागे गॅसची शेगडी होती. "सहज ठेवलीय हो," असं त्यांनी कुणी न विचारता तीनदा सांगितलं.

डॉक्टर कोळसा आणायला स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थिजले. भांड्यांच्या जाळीत बशांच्या शेजारी बिन्चोतान ओळीने निथळत उभा होता!

"केवढी राख होती हो त्याला!" बायको म्हणाली. "सकाळी ब्रशनं घासून धुतला. आई आजारातून उठलीय, म्हटलं स्वच्छ असावा."

चुकीचा दात उपटला गेल्यासारखे डॉक्टर जाळीकडे बघत राहिले.

"आणू का गाडीतली?" मागून साडूंचा आवाज आला.

"नाही!"

डॉक्टरांनी तुकडे टॉवेलने पुसले. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. वीस मिनिटांत ड्रायरने मान टाकली आणि जाताना घरातली वीज घेऊन गेला. मेव्हणी फ्यूज शोधायला धावली. डॉक्टरांनी अंगणातल्या लोखंडी शेगडीत साधा कोळसा पेटवून त्यावर बिन्चोतान रचला आणि दवाखान्यातली जुनी मासिकं घेऊन वारा घालू लागले. बिन्चोतान तसाच! खालचा कोळसा जळून राख झाला, दुसरा घातला, तोही गेला.

साडेबाराला बायकोने पाव आणि उकडलेली अंडी आणली. साडूंनी तिसरं अंडं तोंडात टाकलं, एवढ्यात...

फट्ट!

ठिणग्या उडाल्या. साडू बशीसकट टेबलाखाली! डॉक्टरांची डावी भुवई अर्धीच उरली. आणि खुर्चीतून खळखळून हसण्याचा आवाज आला. सासूबाई! दोन महिन्यांत पहिल्यांदा!

"जावईबापू, आणखी एकदा होईल का हो तसं?"

"आई, तू पाव तरी खा ना!" थोरली लेक कळवळली.

"नको. मी माशाला थांबते."

हे ऐकून डॉक्टरांना चेवच चढला. टेबलाखालून साडू म्हणाले, "अहो, अजूनही गॅस..."

"साडूभाऊ! एका अक्कलदाढेशी मी अडीच तास झुंजलोय आणि तिला बाहेर काढलंय. हा तर नुसता कोळसा आहे!"

फट्ट! फट्ट! प्रत्येक फट्टला सगळे मागे सरायचे, फक्त डॉक्टर पुढे. घामाने शर्ट पाठीला चिकटला, मासिकं संपली, मग पुठ्ठ्याचा खोका फाडून वारा घातला. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी एका तुकड्याच्या टोकाला नारिंगी ठिपका उमटला. मग शेजारच्या. हळूहळू सगळी शेगडी धगधगू लागली. ना धूर, ना ज्वाळा! डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. राखेने असेल.

मीठ-लिंबू लावलेले मासे जाळीवर चुरचुरले. पहिला मासा सासूबाईंच्या ताटात गेला. सगळ्यांनी श्वास रोखला. एक घास. दुसरा. बघता बघता काटे तेवढे उरले. त्यांनी ताट पुढे केलं. "अजून एक."

दोघी लेकींनी डोळ्यांना पदर लावले. साडूंनीही मान डोलावली. डॉक्टर उरलेली दीड भुवई उंचावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय आई, जाणवला ना कोळशातला फरक?"

"कसला फरक, जावईबापू?" सासूबाई दुसरा मासा सोलत म्हणाल्या. "दोन महिने या पोरींनी तासातासाला चमचा घेऊन पिच्छा पुरवला, भूक लागणार कधी? तुम्ही मात्र अकरापासून अडीचपर्यंत कडकडीत उपाशी बसवलंत! पोटात नुसते कावळे ओरडत होते. तुमचा तो धुतलेला कोळसा ताटात वाढला असता ना, तोसुद्धा मीठ लावून खाल्ला असता!"

डॉक्टरांनी तिसरा मासा जाळीवर ठेवला.