लडाखची धाप

आमच्या बंदरात कोणी उंच डोंगर चढायला गेलं, की धाप त्याला लागत नाही. घरी राहिलेल्या माणसाला लागते. त्यामुळे सुट्टीला कुठल्या पहाडात जायचं, ते जाणारा एकटा ठरवत नाही. मोहीम कंपनीचं माणूस घरी येतं, नमुने दाखवतं, आणि ज्याला धाप सोसायची त्याच्या पसंतीने मुलूख नक्की होतो.

यंदा माझ्या नातीला, दर्शनाला जायचं होतं. ती रत्नागिरीला दवाखान्यात नर्स आहे. तिचा बाप ट्रॉलरवर असतो, आणि समुद्रावरच्या माणसाला धाप देत नाहीत. तिच्या आईला दमा आहे, तिला स्वतःचीच पुरते. माझ्या बायकोने, शेवंतीने, मागे थोरल्या नातवाची मनालीची धाप काढली होती. एकदा घेतलेल्याला पुन्हा देत नाहीत. राहिलो मी. मी जाळी विणतो, बसूनच असतो.

कंपनीच्या पिळणकर बाई तीन थर्मास घेऊन आल्या. ओटीवर चटई टाकली, मला मध्ये बसवलं आणि दर्शनाला माझ्यासमोर.

"आजोबा, घाई नाही. एकेक हुंगायची आणि चेहरा लपवायचा नाही. नातीला दिसला पाहिजे."

"चेहरा... आहे तोच आहे," मी म्हटलं.

"यांना एक वाक्य बोलायला इतका वेळ लागतो," शेवंती म्हणाली, "की तुमची धाप वाट बघून परत जाईल."

पहिला थर्मास कुमाऊँचा होता. ती धाप पायरीपायरीने आली, जशी ओली जाळी खांद्यावर घेऊन धक्क्यावरून वर यावं तशी. दुसरी सिक्कीमची. ती दमट होती, भिजलेल्या गोणपाटातून श्वास घेतल्यासारखी. दोन्ही सोसण्यासारख्या होत्या.

"कुमाऊँ चालेल मला," दर्शना लगेच म्हणाली. "तिसरा उघडूच नका, बाई."

तिसरा लडाखचा होता. नको म्हणाली तरी तिला तोच हवा होता, आणि का ते मला ठाऊक होतं. ही पोर ओलीत वाढली. तिच्या पाटीला बुरशी, दप्तराला बुरशी. लहानपणी मला विचारायची, आजोबा, सगळं कोरडं असतं असा डोंगर कुठे असतो का हो? तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

"उघडा," मी म्हटलं.

बाईंनी झाकण सैल केलं, पण हात वरच ठेवला. "आधी नियम सांगते. धाप घेतली की शेवटपर्यंत घ्यायची. मध्ये सोडलीत तर ती साचलेली सगळी एकदम चढणाऱ्याकडे परत जाते. ही पोर त्या वेळी खिंडीत बर्फावर असेल. कळलं ना काय होईल ते?"

"कळलं."

त्यांनी हात काढला.

त्या थर्मासात काहीच नव्हतं, आणि तीच धाप होती. श्वास आत गेला, छातीभर फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. मी पुन्हा घेतला. पुन्हा तसाच आला. चटईची कड मी मांडीखाली घट्ट धरली. दर्शना माझ्याकडे बघत होती, दवाखान्यात रोग्याकडे बघावं तशी.

"एक वाक्य बोला, आजोबा," बाई म्हणाल्या.

"ही... बरी आहे," मी म्हटलं. थांबलो. "कोरडी... आहे."

बाईंनी शेवंतीकडे पाहिलं. "हे नेहमी असेच बोलतात?"

शेवंतीने माझ्या मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली.

लडाख नक्की झालं.

दर्शना गेली. पहिले काही दिवस मी बसूनच पायऱ्या चढल्यासारखा दमत होतो, पण सुतळी हातात धरवत होती. खिंडीच्या दिवशी सकाळपासून सुतळी धरवेना. शेवंतीने मला भिंतीला टेकवलं आणि मागे उशी दिली. शेजारचा भिवा तांडेल डोकावला.

"कुठवर आली पोर?"

"गप रे," शेवंती म्हणाली. "चढावर आहे."

दुपार झाली तसे श्वास रिकामे येऊ लागले. समोर खाडी होती, भरतीचा वारा होता, सगळ्या गावाला पुरून उरेल इतकी हवा होती. माझ्या वाट्याला त्यातली काही येत नव्हती. सोडावी असं मनात आलं की मला बर्फ दिसे. मी धरून ठेवली. शेवंती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याबरोबर श्वास घेत होती, त्याचा काही उपयोग नव्हता तरी.

तेवढ्यात कंपनीने देऊन ठेवलेला फोन वाजला. शेवंतीने तो माझ्या कानाला लावला.

"आजोबा!" दर्शनाचा आवाज खणखणीत होता, जराही दमलेला नव्हता. "खिंडीत पोचले! इथे सगळं कोरडं आहे हो, दगडसुद्धा कोरडा. ऐका, खिंडीच्या वर एक शिखर आहे. तासाभराची चढण. तिघं निघालेत, मला पण या म्हणतात. पण घरून हो पाहिजे. जाऊ?"

शेवंती मान हलवत होती. नको, नको. मी तिचा हात बाजूला केला. आयुष्यात या पोरीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आत्ता तिच्या पायाखाली होती.

मी श्वास गोळा केला.

"जा," मी म्हटलं.

पलीकडे वारा वाजत होता. मग फोन बंद झाला.

मी डोळे मिटले आणि भिंतीला पाठ रोवली. आता वाढणार होती. शेवंतीने माझे दोन्ही खांदे धरले. आम्ही वाट बघत राहिलो. पुढचा श्वास रिकामा आला. त्याच्या पुढचाही. मग एका श्वासाबरोबर थोडं काहीतरी आत आलं. नंतरच्याबरोबर आणखी थोडं.

मला राग आला. "उतरतेय ती," मी म्हटलं. "मी... जा म्हटलं होतं."

"ऐकलं तिने," शेवंती म्हणाली आणि पदराने माझं कपाळ पुसलं. "म्हणून तर उतरतेय."

दिवेलागणीला भिवा पुन्हा आला आणि कुठवर आली म्हणून विचारू लागला. मी दोन श्वास घेऊन पाहिले.

"तंबूत... पोचली," मी म्हटलं.