टाकळा आणि साहेबांची मान

"साहेब, आठ दिवसांत तुमची मान आरशासारखी नितळ नाही झाली, तर नावाचा दिनानाथ नाही!"

अंबरनाथच्या कारखान्यातला कारकून दिनानाथ छाती फुगवून बोलून गेला खरा. १९५४ चा आषाढ होता. करंदीकरसाहेबांच्या मानेवर महिनाभर लालभडक चट्टा होता आणि दिनानाथला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता. चट्टा गेला की कागद आलाच!

बेलवलीला त्याच्या घरामागे टाकळा वीतभर माजला होता. तो वाटून नायट्यावर लावतात, एवढं त्याला कुठूनसं कळलं होतं. रविवारी साहेब स्वतः औषध लावून घ्यायला येणार होते. "मागच्या दारी पाऊल टाकायचं नाही!" असं त्याने बायकोला, कुंदाला, बजावलं आणि त्या तणाकडे उपवर लेकीसारखं कौतुकाने बघत राहिला.

रविवारी पानात लसूण घातलेली हिरवी भाजी आली. दिनानाथने तीनदा घेतली.

"वा! एवढी कोवळी मेथी कुठे मिळाली गं?"

"मेथी कसली? टाकळा आहे. शेजारच्या राजाबाई सकाळीच आपल्या मागचा सगळा खुडून गेल्या. म्हणाल्या, किती रान माजलंय! भाजीही त्यांनीच करून आणली."

औषध दिनानाथच्या घशात अडकलं!

"अगं, मी सांगितलं होतं ना, पाऊल टाकायचं नाही म्हणून?"

"मी कुठे टाकलं? त्यांनी टाकलं!"

तेवढ्यात दारात साहेब! "अरे, काय घमघमाट सुटलाय!" म्हणत ते थेट पाटावर बसले. उरलेली भाजी भाकरीबरोबर फस्त केली, हात धुतले आणि कॉलर खाली ओढली. "हं, आण तुझं औषध."

"साहेब... ते आत्ताच तुम्ही खाल्लंत!"

साहेबांनी डोळे वटारले. नेमक्या तेव्हाच राजाबाई आपलं पातेलं न्यायला आल्या. त्यांनी वाकून मान पाहिली, कॉलर चाचपली आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"यो नायटा नाय, सायेब! खळ घालून कालर पत्र्यावानी कडक केलीय. मान सोलणारच की! धोब्याला सांगा."

पंधरवड्यात चट्टा गेला. साहेबांनी सही केलेला कागद दिनानाथच्या हातात ठेवला.

"कायम केलंय तुला. अट एकच, यापुढे कुणाला औषध द्यायचं नाही. भाजी चालेल!"