‘कायबी चालंल’ म्हणायचं न्हाय!

आमच्या विलासदासमोर ‘काहीही चालेल’ म्हणायची सोय नाही. चहा की कॉफी, असं त्यानं विचारलं आणि एखादा पाहुणा भिडेखातर ‘काहीही चालेल हो’ म्हणाला, की संपलं. “कायबी म्हंजे? पोट तुमचं हाय का शेजाऱ्याचं, पावणं? नीट सांगा की!” पाहुणा बिचारा घाबरून नको असलेली कॉफी पितो.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत विलासदा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. शिरोली एमआयडीसीतल्या लोखंड वितळवायच्या भट्ट्यांवर नजर ठेवणारा आणि धोका दिसताच भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम आम्ही पायथॉन या संगणकाच्या भाषेत करतो. त्यातला वेगानं चालायचा भाग मात्र ‘सी’ भाषेत लिहिलेला, आणि तो प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळा बांधून पाठवावा लागतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. या पॅकेजला विलासदा ‘डबा’ म्हणतो. ज्याचा डबा त्यालाच गेला पाहिजे, यापायी तो साऱ्या ऑफिसचा जीव खातो. आमच्याच संगणकावर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून तपासलेलं त्याला मंजूर नाही. “दुसऱ्याच्या तोंडानं चव कळती व्हय?” म्हणत तो डबे घरी नेतो आणि जुन्या बाजारातून जमवलेल्या मशीनवर चालवून बघतो. बायको आणायच्या वयात यानं मशीनी आणल्या, अशी आम्ही चेष्टाही करत असू.

गेल्या महिन्यात मी घाईघाईत एका डब्यावर ‘कुठल्याही मशीनला चालेल’ असं लेबल लावलं. विलासदानं ते पाहिलं. मी शिव्या खायची तयारी केली, पण तो पांढराफटक पडला आणि डबा अडवून घरी निघून गेला. गिऱ्हाईक साहेबांवर भडकलं, साहेब माझ्यावर. रविवारी दुपारी मी तणतणत त्याचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. खाटेवर त्याचा धाकटा भाऊ अमर बसला होता. चेहऱ्याची एक बाजू भाजून आक्रसलेली, दोन्ही हातांना बोटं नाहीत. तणतण विसरून मी चपला काढल्या.

“भट्टीवर हुता,” विलासदा म्हणाला. “तितला संगणक बदललाता, नव्यात प्रोसेसर निराळा. मी डब्यावर तुझ्यासारखंच लेबल लावलंतं. मशीननं डबा गुमान घेतला, पण चालू करताना प्रोग्रॅम उठलाच न्हाय. भोंगा गप. सगळ्यास्नी वाटलं, भट्टी बरी हाय. भट्टीचं आतलं अस्तर फुटून तापल्यालं लोखंड भायेर उसळलं, तवा ह्यो म्होरंच हुता.”

“दादा, जेवायला वाढ की,” अमर मध्येच म्हणाला. हे सगळं त्यानं पुष्कळदा ऐकलं असावं.

विलासदानं ताटात भात घेतला. “रस्सा घालू का दही?”

“कायबी चालंल, दादा.”

मी मान खाली घातली. आता आभाळ फाटणार, याची मला खात्री होती. पण विलासदा ओरडला नाही. त्यानं एक घास रश्शाचा कालवला, एक दह्याचा. दोन्ही अमरला भरवले, हनुवटीवर सांडलेलं पुसलं आणि हळूच म्हणाला, “चालंल ते नगं सांगू. आवडंल ते सांग.”

अमर भिंतीकडं बघत राहिला. मला तिथं उभं राहवेना. भात निवत चालला, तरी विलासदा ताट धरून त्याच्या उत्तराची वाट बघत बसला होता.