कोंबड्यांना शिस्त लावताना

रोज ऑफिसात फायलींची तोंडं पाहून कंटाळलो, म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत सात कोंबड्या आणि एक बकरी आणून मी घरगुती फार्म सुरू केला. कोंबड्या पिंजऱ्यात नाहीत हं, मोकळ्या! मोकळ्या कोंबडीचं अंडं म्हणजे काय चीज असते, यावर मी बायकोला भाषणच दिलं. (तेवढ्यात तिची भाजी निवडून झाली.)

कोंबड्यांनी भाषण जरा जास्तच मनावर घेतलं. अंड्यांसाठी मी सुबक पेटी केली होती, पण तिच्याकडे त्या ढुंकूनही पाहीनात. एक अंडं हेल्मेटमध्ये सापडलं (तेही मी ते डोक्यावर चढवल्यावर), दुसरं पायपुसण्यावर. पुढे सापडेनासंच झालं.

"रविवारी दादा येतोय," बायको म्हणाली. "तोवर पेटीत अंडी दिसली नाहीत, तर त्याच्या गाडीतून सगळ्या परत."

"अगं, शिस्त लावतो ना मी!"

"तुम्ही? तुमचा एक मोजा सोफ्याखाली, दुसरा टीव्हीमागे."

मी हसण्यावारी नेलं, पण कोंबड्या परत द्यायला मन तयार नव्हतं. सकाळी दार उघडलं की त्या साती जणी माझ्याकडे धावत येतात. ऑफिसात मी आलोय की नाही, हे कुणाला कळतही नाही.

कोंबड्या विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "पेटीत खोटं अंडं ठेवा साहेब. ते बघून तिला कळतं, जागा हीच." मी गुपचूप प्लास्टरची चार अंडी केली आणि चहाच्या पाण्यात रंगवली. इतकी हुबेहूब झाली की माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी आंघोळ करून बाहेर येतो, तर बायकोचा भाऊ गॅसपाशी उभा.

"जावईबापू, पेटीत चार सापडली! उकडलीसुद्धा."

"वा," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

त्याने एक अंडं चमच्याने फोडून पाहिलं. मग बत्ता घेतला. "कवच भलतंच दणकट हो!"

"मोकळी कोंबडी," मी क्षीण आवाजात म्हणालो. "व्यायाम असतो."

तिसऱ्या घावाला अंड्याचा पांढरा चुरा झाला. बायकोने चुऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती बकरीला चारा घालायला निघून गेली. आता कोंबड्यांची बांधाबांध करायची, हे मी धरूनच चाललो.

"अहो, इकडे या आधी!"

धावत गेलो. बकरीच्या गवताच्या ढिगात अंडीच अंडी! वर एक कोंबडी ऐटीत बसलेली, आणि बकरी तिला धक्का न लावता कडेकडेने गवत खात होती. बायको हसून हसून खालीच बसली.

"राहू देत," ती म्हणाली. "जागा तुमच्यापेक्षा त्यांनी बरी शोधलीय."

मला इतका आनंद झाला की मी बकरीलाच मिठी मारली. (तिने शर्टाचं बटण खाल्लं.) रात्री बायकोला खोट्या अंड्यांची सगळी युक्ती सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर धुण्याच्या टोपलीत माझा एकच मोजा नीट घडी करून ठेवलेला. मी पायातले दोन्ही काढून त्याच्याशेजारी टाकले आणि चहाला बसलो.

बायको फोनवर भावाला सांगत होती, "अरे, कोंबड्यांना नाही कळलं, पण यांना पहिल्याच दिवशी कळलं!"