लिमयेकाका पोर्क गरम करतात

लिमयेकाकांच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी बाहेर कसं पळायचं ते कळतं. तुम्ही स्नोबूट काढत असता, कोट कुठे टांगायचा ते बघत असता, आणि काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून सुरू करतात, "बाहेर पडायला दोन दारं. एक हे, दुसरं स्वयंपाकघरातून मागे. बेसमेंटची खिडकी उघडते, पण तुम्हाला त्यातून जमेल असं वाटत नाही. आग विझवायचं नळकांडं जिन्याखाली. सगळ्यांनी जमायचं समोरच्या दिव्याच्या खांबापाशी. काही शंका?"

शंका नसली की मग चहा.

मी त्यांच्या शेजारच्या घरात सात वर्षं राहते. एकदा म्हटलं, "काका, मला आता पाठ झालंय." तर म्हणाले, "वैशालीबाई, पाठ झालेली माणसंच चुकीच्या दाराकडे धावतात."

काका मूळचे नागपूरचे. इथे कॅनडात, सस्काटूनजवळच्या एका पोटॅशच्या खाणीत त्यांनी सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर खाणीतून वर आले, पण डोक्यावरचं हेल्मेट काही उतरलं नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही. दारापुढचा बर्फ फावड्यानं काढतानासुद्धा ते पिवळं हेल्मेट घालतात. घरात धुराचे चार अलार्म, आणि एक वाजला की चौघंही वाजतील अशी जोडणी. माझ्या हातून त्यांच्याकडचा कप फुटला होता, तेव्हा त्यांनी रीतसर अहवाल लिहिला होता. कारणाच्या रकान्यात होतं, 'चहा पिताना हसणे.'

सुनंदाकाकू होत्या तोवर या सगळ्याला एक उतारा होता. काका सूचना द्यायला लागले की त्या मागून म्हणायच्या, "अहो, तिला आधी आत तरी येऊ द्या. आग लागायला वेळ आहे अजून." तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी ऋता शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहते. काका एकटे आणि चार अलार्म, असं घर झालं.

आता त्या शनिवारचं सांगते.

ऋताचं लग्न काइलशी ठरत होतं. काइलचे आईवडील, डग आणि शेरिल, तासाभराच्या अंतरावर फार्मवर राहतात. फार्म डुकरांचं. काका जन्मात अंडंही न खाल्लेले. तरी ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ते गेले. टेबलावर हॅम होता, म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, आणि काकांसाठी शेरिलनं वेगळं, ओव्हनमध्ये भाजलेलं भाज्यांचं कॅसरोल केलं होतं. काकांनी विचारलं, "याला आणि त्याला चमचा एकच वापरलाय का?" मग विचारलं, "ओव्हन एकच का?" ओव्हन एकच होता. काकांनी एक पाव आणि दोन सेलरीच्या काड्या खाल्ल्या. परतीच्या वाटेवर ऋता तासभर गाडीत रडली. त्यानंतर शेरिलचा फोन आला नाही. लग्नाची तारीख दोनदा पुढे गेली. ऋता वडिलांशी कामापुरतं बोलायची, आणि तेही इंग्रजीत.

फेब्रुवारीत काकांनी डग आणि शेरिलला जेवायला बोलावलं. ऋतानं बजावलं होतं, "बाबा, जस्ट ऑर्डर व्हेज पिझ्झा. अँड प्लीज, नो सेफ्टी टॉक."

शनिवारी सकाळी नऊला मला काकांचा फोन आला. "वैशालीबाई, या. आपत्ती नाही, पण होऊ शकते."

बाहेर उणे एकतीस. दोन घरांमधली वीस पावलं चालेपर्यंत माझ्या पापण्यांवर बर्फ धरला. आत गेले, सूचना ऐकल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. अर्ध्या ओट्याभोवती पिवळी धोक्याची फीत लावली होती. फितीच्या पलीकडे वर्तमानपत्रावर एक कोरं पातेलं, एक कोरा झारा, दोन काटे, एक थर्मामीटर, आणि मधोमध एक फुगीर पाकीट. पाकिटावर चित्र होतं, गोल पावात भरलेलं तांबूस, धागे धागे सुटलेलं मांस.

"पुल्ड पोर्क," काका हलक्या आवाजात म्हणाले. "शिजवलेलंच मिळतं. फक्त गरम करायचं. डगला आवडतं असं काइलकडून काढून घेतलं."

"ऋताला माहीत आहे?"

"नाही."

"काका, अहो, डुकरं पाळणाऱ्या माणसाला तुम्ही दुकानातलं पाकीट वाढणार?"

त्यांचा चेहरा उतरला. हा धोका त्यांच्या यादीत नव्हता. म्हणाले, "मग तुम्ही सांगा. हा तुमचा विषय आहे."

मी रत्नागिरीची. मासे, कोंबडी, मटण सगळं खाते. काकांच्या लेखी हे सगळं एकाच खात्यात येत होतं आणि मी त्या खात्याची प्रमुख होते. पोर्क मी आयुष्यात शिजवलेलं नव्हतं. तसं सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपण दोघंही नवशिके. कागद वाचूया."

पाकिटामागची कृती त्यांनी सुवाच्य मराठीत उतरवून फ्रिजवर लावली होती. मंद आचेवर, झाकण ठेवून, मधूनमधून हलवत, चौऱ्याहत्तर डिग्रीपर्यंत. मी कात्री उचलली तर त्यांनी माझ्या हातातून घेतली.

"मी करतो. पाहुणे माझे आहेत."

त्यांनी हातमोजे चढवले, डोळ्यांवर खाणीतला चष्मा चढवला आणि पाकिटाचा कोपरा कापला. गोडसर, धुरकट वास सगळीकडे पसरला. काका ओट्याला धरून उभे राहिले.

"बाहेर जाऊन उभे राहता का जरा?" मी विचारलं.

"नको. एकदा बाहेर गेलो तर परत येणार नाही."

पाकीट पातेल्यात रिकामं केलं, पाण्याचा हबका मारला, आणि मी झाऱ्यासाठी हात पुढे केला. पण झारा काही त्यांनी मला दिला नाही. मान वळवून, श्वास रोखून हलवायचे, मग मागच्या दारापर्यंत जाऊन श्वास घ्यायचे, परत यायचे. अठ्ठावीस डिग्री. एक्केचाळीस. दुसऱ्या ओट्यावर त्यांनी कोबीची कोशिंबीर करून ठेवली होती, दाण्याचं कूट घातलेली. चित्रात मांसाशेजारी बारीक चिरलेला कोबी होता ना, म्हणून.

पावणेबाराला ऋताचा फोन आला. ते सगळे निघाले होते, जवळच आले होते. काका मला म्हणाले, "आठ मिनिटं. पाव गरम करा." मी पावांचे दोन दोन तुकडे करून ओव्हनमध्ये वरच्या जाळीवर ठेवले आणि थर्मामीटर बघायला वळले. एकाहत्तर. बहात्तर. आम्ही दोघं त्या आकड्यावर डोळे लावून उभे होतो. त्र्याहत्तरवर आकडा अडकून बसला.

"का हलत नाही हा?" काका कुजबुजले.

"हलेल, काका."

"आणि ते दाराशी आले तर?"

चौऱ्याहत्तर झाले. काकांनी गॅस बंद केला, आणि त्याच क्षणी चारही अलार्म एकदम किंचाळले. मी वळून पाहिलं तर ओव्हनमधून काळा धूर येत होता. पाव! मी पाव विसरले होते.

काका जागच्या जागी वेगळेच झाले. आता ते खाणीतले अधिकारी होते. ओव्हन बंद, त्याचं दार लावलेलं, माझ्या अंगावर कोट, हातात माझेच बूट. "मागच्या दारानं. चला." दोन मिनिटांत आम्ही दिव्याच्या खांबापाशी उभे होतो. आणि समोरून डगचा ट्रक आला.

ट्रकमधून डग उतरला, शेरिल उतरली. मागच्या गाडीतून काइल आणि ऋता. त्यांना काय दिसलं असेल? घरातून धूर, आतून किंकाळ्या, आणि खांबाखाली होणारे व्याही, डोळ्यांवर खाणीतला चष्मा, हातात निळे मोजे, गळ्यात एप्रन.

"बाबा!" ऋताचा आवाज फाटला. "व्हॉट डिड यू डू?"

मी तोंड उघडलं. काकांनी हातानं मला थांबवलं. "पाव जळले," ते म्हणाले. "माझ्याकडून. आग नाही, फक्त धूर आहे."

डग सरळ घरात गेला. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. खिडक्या उघडल्या, अलार्म थांबले. आम्ही आत गेलो तेव्हा तो पिवळ्या फितीपलीकडे पातेल्याचं झाकण उचलून उभा होता. शेरिल दारातच थांबली होती, कोट न काढता. ऋतानं पातेल्यात पाहिलं, फितीकडे पाहिलं, वडिलांच्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"बाबा, यू डिड धिस?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

डगनं काट्यानं एक घास तोंडात टाकला. माझा जीव टांगणीला लागला. तो सावकाश चावत राहिला. मग विचारलं, "पाकिटातलं?"

"पाकिटातलं," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

"आमच्या फ्रिजमध्ये याचीच दोन आहेत," डग म्हणाला. "शेरिलचं मनगट दुखतं, घरी कोण करत बसणार? पण काइलला सांगू नका, त्याला ते आईच्या हातचं वाटतं."

काइल म्हणाला, "काय?" आणि शेरिल पहिल्यांदा हसली. कोटाची एक गुंडी सुटली.

पाव तर कोळसा झाले होते. काकांनी आपला पोळ्यांचा डबा काढला. सकाळच्या, स्वतःसाठी केलेल्या. ताटात एकेक पोळी ठेवली, झाऱ्यानं मधोमध मांस वाढलं, शेजारी कोशिंबीर, आणि प्रत्येकापुढे स्वतः नेऊन ठेवलं. वाढताना मान वळवली नाही. डगनं पोळीची गुंडाळी केली आणि तीन खाल्ल्या. काका त्याच टेबलावर बसून कोशिंबीर-पोळी खात होते. घासाघासाला पाणी पीत होते, पण उठले नाहीत.

मध्येच त्यांनी ताट बाजूला सारलं आणि शेरिलकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ऑक्टोबरात मी तुमच्या घरी जेवलो नाही. चूक माझी होती."

शेरिलनं काटा खाली ठेवला. "मी आयुष्यात पहिल्यांदा मांसाशिवाय कॅसरोल केलं होतं," ती म्हणाली. "तीनदा केलं. पहिली दोन फेकून दिली."

"ते मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच कुठे?" तिनं डोळे पुसले आणि कोशिंबीर पुढे ओढली. "यात शेंगदाणे आहेत का? मला अजून हवी."

जाताना शेरिलनं दारातच लग्नासाठी जुलैतला एक शनिवार सांगून टाकला. ऋता वडिलांना घट्ट मिठी मारून, मराठीत, "येते हं बाबा," म्हणाली.

सगळे गेल्यावर मी ताटं उचलत होते. काका खुर्चीत बसले होते, एप्रन तसाच.

"सुनंदा वेंगुर्ल्याची," ते म्हणाले. "घरात रोज मासे. लग्न झाल्यावर तिनं सोडले. मी सोड म्हटलं नव्हतं. पण खा, असंही कधी म्हटलं नाही. चौतीस वर्षं. आज व्याह्यासाठी पातेलं आणलं मी. तिच्यासाठी एक आणायला काय झालं होतं?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मला एक गोष्ट माहीत होती. काकूंनी शपथ घातली होती, आणि आता काकू नव्हत्या. सांगावं की नाही? काकांना त्यातून बरं वाटेल की आणखी वाईट, काही कळेना.

"काका," मी म्हटलं, "काकू बुधवारी कुठे जायच्या?"

"वाचनालयात. दर बुधवारी, दुपारी दोन तास."

"माझ्याकडे यायच्या. बुधवारी मला सुट्टी असते. आम्ही बांगडे तळायचो. मग लिंबानं हात धुवायच्या, बडीशेप खायच्या आणि घरी जायच्या."

काकांनी एप्रन सोडून मांडीवर ठेवला.

"पुस्तक कधी हातात दिसलं नाही तिच्या," ते म्हणाले. तोंडावर हसू फुटत होतं. "आवडीनं खायची?"

"डोकंसुद्धा सोडायच्या नाहीत."

त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. "बसा," ते म्हणाले. "पहिल्या बुधवारपासून सांगा."